उपाशी किड्यांच्या पोटातली कोंबडी

सकाळचे सात वाजून पन्नास मिनिटं. संशोधन संस्थेच्या तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत किडेताई कोंबडीची कलेजी चहाच्या गाळणीतून दाबत होत्या. शिरा वर राहिल्या, खाली लालसर लगदा जमला. तो त्यांनी ड्रॉपरमध्ये ओढला आणि पहिल्या डब्याच्या पाण्यात एक थेंब सोडला. कडेला चिकटून बसलेले चपटे, तपकिरी, नखाएवढे जीव हलले आणि बघता बघता थेंबाभोवती दाटी झाली. ताई पुढच्या डब्याकडे वळल्या.

नऊच्या आत हे उरकायला हवं होतं. नऊला त्यांना दोन मजले वर, संगणकाच्या खोलीत बसायचं असे. किड्यांना खायला घालणं हे आता त्यांचं काम नव्हतं. ते कुणाचं आहे, हेही कुणी ठरवलं नव्हतं. त्यामुळे त्या रोज तासभर आधी यायच्या आणि पहारेकरी काही न विचारता दार उघडून द्यायचा.

हे किडे गोड्या पाण्यातले. ब्लेडने मधोमध कापले तर डोक्याकडच्या भागाला शेपूट फुटतं आणि शेपटीकडच्या भागाला डोकं. तीन तुकडे केले तर तीन किडे होतात. डोक्यावरचे दोन काळे ठिपके म्हणजे त्यांचे डोळे. ते असे बसलेले असतात की किडा कायम तिरळा दिसतो. उपाशी ठेवला तर मरत नाही, आखडत जातो. महिनाभराने खायला दिलं की पुन्हा वाढतो. ताईंनी त्यांच्यावर पीएचडी केली आणि त्यांच्याच खोलीत नोकरीची एकोणीस वर्षं काढली. किडेताई हे नाव कुणी पाडलं ते आता कुणाला आठवत नाही. त्यांच्या सासूबाईंनीसुद्धा एकदा पाहुण्यांना ‘आमची किडेताई’ अशीच ओळख करून दिली होती. खाटकाला वाटायचं की यांच्या घरात कुणीतरी फार दिवसांचं आजारी आहे. दर आठवड्याला नुसती कलेजी नेणारी बाई त्याने दुसरी पाहिली नव्हती. ‘बरं वाटतंय का आता त्यांना?’ असं तो विचारायचा आणि ताई ‘वाढताहेत’ म्हणायच्या.

इतकी वर्षं त्यांनी किडे वाढवले ते दुसऱ्यांच्या प्रश्नांसाठी. कुणाला औषधाचा परिणाम बघायचा असे, कुणाला किरणांचा. ताई किडे मोजून द्यायच्या, कापून द्यायच्या, शोधनिबंधाच्या शेवटी आभारात त्यांचं नाव यायचं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पहिल्यांदा स्वतःचा प्रश्न मांडला. पोट भरलेला किडा आणि उपाशी किडा, दोघांनाही कापल्यावर नवं डोकं उगवतं. उपाशी किडा ते कशाच्या जोरावर घडवतो?

त्यासाठी बारा डबे लावले. एक ते सहा नंबरच्या डब्यांतल्या किड्यांना अगदी कापायच्या दिवसापर्यंत खायला घातलं. सात ते बारामधल्यांना तीन आठवडे काहीही दिलं नाही. सगळे एकाच दिवशी कापले. दोन दिवसांनी सगळे गोठवले आणि मग दोन दिवसांत, डब्यागणिक किडे वाटून, त्यांचा अर्क काढला. त्या घटकेला किड्याची कोणती जनुकं जागी होती, हे त्या अर्कातून कळतं. अर्क बाहेरच्या यंत्रावर वाचायला पाठवले आणि महिनाभराने उत्तर आलं ते एका डिस्कवर: बारा नमुन्यांच्या फायली, त्यांत अक्षरांचे कोट्यवधी छोटे तुकडे. प्रत्येक तुकडा किड्याच्या कोणत्या जनुकाशी जुळतो ते शोधायचं, जनुकागणिक तुकडे मोजायचे आणि मग खाल्लेले व उपाशी यांची तुलना करायची. हे काम हातांनी होत नाही.

विभागात ते करणारा एकच विश्लेषक होता. डिस्क आली त्याच आठवड्यात तो एका कंपनीत गेला. मागे त्याची खुर्ची राहिली आणि खुर्चीच्या पाठीला अडकवलेलं जाकीट.

विभागप्रमुख ताईंपेक्षा सात वर्षांनी लहान. सगळे त्यांना सर म्हणतात आणि ते ताईंना ताई म्हणतात. त्यांनी ताईंना बोलावून सांगितलं की नवा माणूस इतक्यात मिळणार नाही, तेव्हा हे तुम्हीच शिका.

“तीन महिने धरा,” सर म्हणाले. “तुमचं काम तुम्हीच करा, निकाल दाखवा आणि मग खुशाल खाली जा.”

ताईंनी मान डोलावली. तीन महिने किडेसुद्धा उपाशी राहू शकतात, असा हिशेब त्यांनी मनात केल्याचं त्या सांगतात.

आधी पाच दिवसांची कार्यशाळा झाली. वर्गातले बाकीचे त्यांच्या मुलीच्या वयाचे होते. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. प्रशिक्षक बोलता बोलता टाइप करायचा आणि ‘सगळ्यांचं झालं?’ असं विचारून उत्तराची वाट न बघता पुढे जायचा. पहिल्याच दिवशी ताईंनी ‘माझे किडे’ नावाचं फोल्डर केलं आणि ते काही केल्या उघडेना. संगणकाच्या लेखी मधल्या मोकळ्या जागेमुळे ती दोन वेगळी नावं होती. तो आधी ‘माझे’ शोधत होता, मग ‘किडे’ शोधत होता आणि दोन्ही नाहीत म्हणून सांगत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक फाइल पुसली आणि ती कचऱ्याच्या डब्यात सापडेल म्हणून शोधत बसल्या. इथे तसा डबा नसतो, पुसलं ते गेलं, असं प्रशिक्षकाने सांगितलं तेव्हा शेजारचा मुलगा हळूच हसला. ताईंनी त्याला विचारलं, तू कधी जिवंत प्राणी हातात धरला आहेस का? त्याने नाही म्हटलं. तेवढ्यावर ते मिटलं.

पाच दिवसांत जे डोक्यावरून गेलं ते धाकट्या दिराने फोनवर शिकवलं. दीर बँकेच्या संगणक विभागात आहे. जनुक म्हणजे काय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ओळी आणि रकाने आले की त्याचं भागतं.

“वहिनी, घाबरू नका. ते यंत्र चिडलेलं नाहीये, लाल अक्षरात लिहायची त्याची सवय आहे,” असं तो म्हणायचा. किंवा, “काय लिहिलंय ते वाचा तरी. डॉक्टर झालात आणि वाचायला सांगितलं की फोन मला करता.”

ताई त्याला भाऊजी म्हणतात आणि एरवी त्याचं काही ऐकून घेत नाहीत. त्या काळात मात्र मुकाट ऐकलं.

संगणकाच्या खोलीला खिडकी नाही. काचेच्या आडोशापलीकडे सर्व्हर आहेत. ते तापू नयेत म्हणून खोली गार ठेवतात आणि त्यांची घरघर दिवसभर चालू असते. बाहेर ऊन आहे की अंधारून आलंय, ते डबा खायला बाहेर पडल्यावर कळतं. दुसऱ्या आठवड्यात ताईंनी खुर्चीवरचं जाकीट अंगात घातलं. ते त्यांना मोठं होत होतं. बाह्या दुमडून त्या बसू लागल्या. मग त्यांच्या टेबलावर दुसऱ्यांच्या डिस्क दिसायला लागल्या. कुणी म्हणे, तुमचं चाललंच आहे तर एवढं एक बघता का. कुणी काही न बोलता कागदाची चिठ्ठी लावून ठेवून जाई. तीन महिन्यांचे पाच झाले. खालच्या खोलीत त्या सकाळी तेवढ्या जायच्या. ब्लेड हातात घेऊन बराच काळ झाला होता. अंगठ्याच्या बाजूचा घट्टा मऊ पडत चालला होता आणि ही गोष्ट सांगताना त्यांनी तो मला दाखवलाही.

शेवटी त्यांचा स्वतःचा निकाल लागला.

तुकडे जुळवले गेले, मोजले गेले. संगणकाने एक तक्ता दिला. आडव्या ओळींत जनुकं, उभ्या रकान्यांत बारा नमुने. रकान्यांची डोकी बघवत नव्हती. प्रत्येक मथळ्यात फाइलचा अख्खा पत्ता होता, कोणत्या फोल्डरातल्या कोणत्या फोल्डरातली, असा हातभर लांब. ताईंच्या खोलीत प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी असते, एकाच उंचीवर आणि एकाच अक्षरात. त्यांना हे घाण वाटलं. त्यांनी ते मथळे काढून टाकले आणि जागेवर स्वच्छ लिहिलं: डबा एक, डबा दोन, डबा तीन, बारापर्यंत. पहिल्या सहांना ‘खाल्लेले’, पुढच्या सहांना ‘उपाशी’. मग तुलना चालवली.

फरक शून्य निघाला. खाल्लेल्या आणि उपाशी किड्यांत सांगण्यासारखं काहीही वेगळं नव्हतं.

नमुने एकमेकांसारखे किती, हे दाखवणारं एक चित्र असतं. प्रत्येक नमुना म्हणजे एक ठिपका. सारखे असतात ते जवळ पडतात. त्या चित्रात दोन ठळक ढीग पडले होते, पण प्रत्येक ढिगात तीन खाल्लेले आणि तीन उपाशी. सरांनी ते चित्र बैठकीत बराच वेळ बघितलं.

“ढीग आहेत, पण ते अन्नाचे नाहीत,” ते म्हणाले. “अर्क दोन दिवशी काढले होते ना तुम्ही? मग तो हाताचा फरक असणार. एक दिवस हात एकसारखा चालला, दुसऱ्या दिवशी नाही.”

एकोणीस वर्षांत ताईंच्या हातांना कुणी नावं ठेवली नव्हती.

सरांनी पुढचं तिथेच ठरवलं. प्रश्नाला उत्तर नाही म्हणजे प्रकल्प संपला. इतर कुणाला सध्या किडे लागत नाहीत. खोली महिनाअखेरीस शेजारच्यांना द्यायची. शेजारचे म्हणजे माशांवर काम करणाऱ्या गटाचे प्रमुख. त्यांना सगळे मासेवाले म्हणतात आणि टाक्यांना जागा पुरत नाही अशी त्यांची तक्रार जुनीच. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई कलेजी गाळत असताना ते फीत घेऊन आले आणि भिंत मोजू लागले.

“रागावू नका किडेताई,” ते म्हणाले. “तुमचे किडे दोन तुकडे केले तरी जगतात. माझ्या माशांना नुसतं पाणी बदललं तरी धक्का बसतो. जागा कुणाला लागणार, तुम्हीच सांगा.”

“मोजून झालं की फीत पुसून ठेवा,” ताई म्हणाल्या. “टेबलावर कलेजी सांडलीये.”

वर जाताना त्यांच्या डोक्यात सरांचं वाक्य होतं. अर्क दोन दिवशी काढले होते, हे खरं. पण पहिल्या दिवशी त्यांनी एक, तीन, पाच असे विषम डबे घेतले होते आणि दुसऱ्या दिवशी सम. दिवसाचा काही दोष असला तर तो खाल्लेल्या-उपाशी दोघांत सारखा वाटला जावा म्हणून. तेव्हा ढीग हाताचे असतील तर विषम एकीकडे आणि सम दुसरीकडे पडायला हवेत. त्यांनी ठिपक्यांचे नंबर बघितले. एका ढिगात एक, पाच, सहा, सात, आठ, नऊ. दुसऱ्यात दोन, तीन, चार, दहा, अकरा, बारा. याला ना दिवस लागू पडत होता, ना अन्न.

मग त्यांना कलेजी आठवली.

खाल्लेले किडे वाटून त्यांचा लगदा केला तेव्हा त्यांच्या पोटातली कलेजीही वाटली गेली असणार. म्हणजे त्या नमुन्यांत किड्याच्या जनुकांबरोबर कोंबडीच्या जनुकांचेही तुकडे असायला हवेत. संगणक फक्त किड्याशी जुळणारे तुकडे मोजत होता, बाकीचे बाजूला टाकत होता. ताईंनी कोंबडीच्या यकृतातली काही ठळक जनुकं यादीत घातली आणि तेच सगळं पुन्हा चालवलं. त्याच आज्ञा, तोच तक्ता, वर त्यांचेच ते स्वच्छ मथळे.

कोंबडी सापडली. डबा एकमध्ये होती. दोन, तीन आणि चारमध्ये नव्हती. पाच आणि सहामध्ये होती. आणि सात, आठ, नऊमध्येही होती.

ज्यांना तीन आठवडे त्यांनी स्वतः काही दिलं नव्हतं, त्यांच्या पोटात कोंबडी होती. ज्यांना स्वतः भरवलं होतं, त्यांच्यातले तीन डबे रिकामे. मी विचारलं, तेव्हा पहिल्यांदा मनात काय आलं? त्या म्हणाल्या, हातच. नळ्या उलटसुलट झाल्या असाव्यात, सर म्हणत होते ते खरं असावं, असं त्यांना वाटलं. त्या खाली जाऊन रिकाम्या टेबलासमोर उभ्या राहिल्या, हातांनी पुन्हा सगळं करून बघितलं: डबा, नळी, चिकटपट्टी, पुढचा डबा. चुकायला जागा सापडेना. एखादी नळी चुकते. ओळीने तीन इकडे आणि ओळीने तीन तिकडे असं कुणाच्या हातून होत नाही.

वर येऊन त्यांनी संगणकाने दिलेला मूळ तक्ता उघडला, त्या हातभर मथळ्यांसकट. आणि पहिल्यांदाच ते मथळे पूर्ण वाचले. पहिला रकाना नमुना एक. दुसरा नमुना दहा. तिसरा अकरा, चौथा बारा. मग दोन, तीन, चार आणि तसंच नऊपर्यंत.

त्यांनी दिराला फोन लावला.

“भाऊजी, संगणक एकानंतर दहा का लिहितो?”

पलीकडून हसू आलं. “सापडलात का वहिनी तुम्हीपण? अहो, फाइलच्या नावातला आकडा तो आकडा म्हणून वाचत नाही, अक्षर म्हणून वाचतो. शब्दकोशात कसं, एका अक्षराने सुरू होणारे सगळे शब्द एकत्र. आधी एक, मग एकच्या आकड्याने सुरू होणारे दहा, अकरा, बारा, आणि ते संपले की दोन. म्हणून आम्ही शून्य एक, शून्य दोन असं लिहितो. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

“नाही.”

“मग काय झालं? काही उडालं का?”

ताई म्हणाल्या, नाही, काही उडालं नाही, आणि फोन ठेवला.

मथळे जागच्या जागी लावून तुलना पुन्हा चालवायला फारसा वेळ लागला नाही. कोंबडी एक ते सहामध्ये होती, सात ते बारामध्ये नव्हती. दोन ढीग तेच राहिले, पण आता एक पूर्ण खाल्लेल्यांचा होता आणि एक पूर्ण उपाशांचा. शेकडो जनुकं वेगळी निघाली. उपाशी किडा डोकं उगवायला स्वतःच्याच अंगातली सामग्री मोडून वापरतो, असा स्पष्ट माग त्यांत होता. ताईंच्या प्रश्नाला उत्तर होतं. ते पहिल्या दिवसापासून डिस्कवर होतं.

संध्याकाळी त्या थेट घरी न जाता नवऱ्याच्या औषधांच्या दुकानात गेल्या आणि काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसल्या. नवरा गिऱ्हाइकांना औषधं देत होता, मधे मधे ऐकत होता. सगळं सांगून झाल्यावर त्याने चष्मा कपाळावर चढवला.

“तुला तिथून सुटायचंय ना?” तो म्हणाला. “मग देवाने दिलेली संधी आहे. सरांना सांग, बघा, साधा क्रम लावता आला नाही मला. माझ्याच्याने हे होत नाही, दुसरा माणूस बघा. लगेच सोडतील.”

“आणि मग दुसरा निकाल कोण खरा मानेल?”

नवऱ्याने चष्मा पुन्हा खाली घेतला. एक गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागायला आलं, ते त्याने दिलं.

अडचण नेमकी इथेच होती. खोली वाचवायची तर सरांना पटायला हवं होतं की ताईंना हे काम येतं आणि दुसरा निकाल पक्का आहे. त्या खोलीत परत जायचं तर सरांना पटायला हवं होतं की ताईंना हे काम येत नाही. दोन्ही एकदम पटवता येणार नव्हतं. किडे की आपण, एवढाच निवडीचा प्रश्न उरला होता आणि किड्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

“तू एकदा काय ते ठरव,” नवरा म्हणाला. “नाहीतर रोज इथे येऊन बसशील आणि माझी गिऱ्हाइकं विचारतील, वहिनी आजारी आहेत का.”

सकाळी ताईंनी सरांसमोर दोन्ही चित्रं ठेवली. कुठे चूक झाली, कुणाची झाली आणि कशी कळली, हे क्रमाने सांगितलं. मथळे मी बदलले, असं सरळ सांगितलं. माझ्याच्याने होत नाही, हे वाक्य त्यांनी वाटेवर दोनदा मनात म्हणून बघितलं होतं. ते त्या बोलल्या नाहीत.

सरांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. मग कोंबडीचा तक्ता मागून घेतला आणि एकेक रकाना बोटाने मोजत वाचला. रागावले नाहीत. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

“यात कोंबडी शोधावी, हे तुम्हाला सुचलं कसं?”

“मी रोज घालते ना ती.”

सर थोडा वेळ बाहेर बघत राहिले. त्यांच्या खोलीला खिडकी आहे.

“किडे राहतील,” ते म्हणाले. “खोलीही राहील. मासेवाल्यांना मी सांगतो.” ताई उठू लागल्या. पण सरांचं संपलं नव्हतं. “आता मला एक सांगा. आधीचा मुलगाही असेच मथळे बदलायचा का?”

ताईंना माहीत नव्हतं.

“मलाही माहीत नाही. चार वर्षांचं काम आहे त्याचं. त्यातलं निम्मं छापून आलंय, त्यावर माझं नाव आहे. ते सगळं पुन्हा तपासावं लागेल, आणि ते मी कार्यशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कुणाच्या हातात देऊ शकत नाही. त्याला तुम्हीच पाहिजेत, ताई.”

“सर, तुम्ही तीन महिने म्हणाला होतात.”

“हो, म्हणालो होतो,” सर म्हणाले.

ताईंनी विचारलं, किड्यांकडे कोण बघणार? सरांनी त्याचाही विचार करून ठेवला होता. मासेवाल्यांच्या गटाला खोली मिळणार नाही, पण त्यांच्याकडे माणसं आहेत. रोज पाणी आणि खाणं ते बघतील. पुढच्या प्रयोगाचं कापणंही तेच शिकतील. तुम्ही शिकवा.

कबूल करायला ताईंना किती वेळ लागला, ते मला कळलेलं नाही. त्यांनी ते सांगितलं नाही आणि सरांना आठवत नाही. सरांच्या मते ताईंनी नेहमीसारखी मान डोलावली.

शिकवणी सोमवारी झाली. थंड, ओल्या कागदावर किडा ठेवला की तो आखडतो. मग पसरेपर्यंत थांबायचं आणि पसरला की ब्लेड सरळ खाली आणायचं, ओढायचं नाही. मासेवाल्यांनी पहिले दोन किडे तिरके कापले. तिसऱ्याला त्यांचा हात थांबला.

“हा माझ्याकडे बघतोय,” ते म्हणाले.

“तिरळा आहे तो. सगळ्यांकडेच बघतो. कापा.”

त्यांनी कापलं. ताईंनी भिंगातून बघितलं आणि बरं आहे असं म्हटलं. मासेवाले मग उगाचच म्हणाले की खरं तर त्यांना हे अंगावर घ्यायचं नव्हतं. टाक्यांना जागा मिळाली नाही आणि वर किड्यांची भर. ताई म्हणाल्या, माझ्याकडेही तुमच्या दोन डिस्क पडून आहेत. दोघंही हसले, फार नाही. कलेजी किती वेळ गाळायची, किती मोठा थेंब, उरलेलं खाणं दोन तासांनी काढलं नाही तर पाणी कसं सडतं, हे सगळं त्यांनी दोनदा सांगितलं. मासेवाले मन लावून ऐकत होते. माणूस कामाचा पक्का आहे, माशांच्या बाबतीत तर फारच. ताईंना त्यात काही खोट काढता आली नाही, आणि काढता आली असती तर बरं झालं असतं, असंही त्या म्हणाल्या.

दुपारी त्या वर गेल्या. आधीच्या विश्लेषकाच्या फायली फोल्डरांत जशा होत्या तशा पडून होत्या. त्यातला पहिला प्रकल्प त्यांनी उघडला. चोवीस नमुने. मथळे स्वच्छ, सुटसुटीत, एकाच वळणाचे. मूळ तक्ता कुठेच ठेवलेला नव्हता. म्हणजे अगदी पहिल्या फायलींपासून सगळं नव्याने जुळवावं लागणार, मोजावं लागणार आणि मग त्याच्या निकालाशी ताडून बघावं लागणार. मी त्यांना विचारलं, असे एकंदर किती प्रकल्प? त्या म्हणाल्या, मोजले नाहीत. जाकिटाच्या बाह्या त्यांनी आता दुमडलेल्या नव्हत्या, शिवून आखूड करून घेतल्या होत्या.

काल संस्थेच्या सूचनाफलकावर कागद लागला. ताईंचं पद यापुढे ‘विश्लेषक’ आहे. पगाराची श्रेणी तीच. तळमजल्यावरच्या खोल्यांसाठी नव्या पदाला प्रवेश नाही. दारं आता ओळखपत्राच्या कार्डावर उघडणार आहेत. पहारेकऱ्याच्या हातात काही राहिलेलं नाही.

सर्व्हर देखभालीसाठी उद्या सकाळी नऊ ते अकरा बंद राहतील. त्या वेळात काम नसल्याने ताईंना प्रशासकीय इमारतीत, पहिल्या मजल्यावर, नव्या ओळखपत्राचा फोटो काढायला बोलावलं आहे. वेळ दहाची आहे.